पुरावा मागत बसलीस, रतन

तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून निघून गेले, रतन. स्टाफमध्ये अजून त्याचीच चर्चा आहे, म्हणून माझ्याच तोंडून ऐक.

कॉलेजच्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच, मोठा करून आणलेला. त्यात तू फोटोग्राफरशी भांडून नुकतीच खुर्चीत बसल्यासारखी दिसतेस. प्राचार्य बोलायला उभे राहिले. म्हणाले, "रतन पाटील मॅडमनी विज्ञानासाठी देह ठेवला. ज्या जंतूंचा त्यांनी ध्यास घेतला, त्या जंतूंनीच त्यांना नेलं. नियतीने तसं ठरवलं होतं." पहिल्या रांगेत कुणीतरी चुकचुकलं. मी उभी राहिले.

"सर, मॅडम मिठागरातल्या जंतूंवर काम करायच्या. त्या गेल्या लेप्टोने. तो जंतू वेगळा. आणि कुणीही काही ठरवलं नव्हतं."

"सुलभा मॅडम, आपण सध्या भावनिक झाला आहात. बसा."

मी बसले नाही. पर्स उचलली आणि पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात आपल्या खोलीवर आले. दोन कप घासायचे राहिले होते. एक तुझा होता, तू पेणला जायच्या दिवसापासूनचा. तो घासला आणि मग जोरात आपटून ठेवला.

भावनिक नव्हते गो. चिडले होते. अजून चिडलेलीच आहे. प्राचार्यांवर आहे, तुझ्या दादावर आहे, त्या डॉक्टरवर आहे. पण सगळ्यांत जास्त तुझ्यावर.

'ठरवलं' हा शब्द तू वर्गात कुणाला वापरू देत नव्हतीस. एखाद्या मुलाने पेपरात 'जंतू ठरवतो की कोणतं जनुक सुरू करायचं' असं लिहिलं की तू लाल पेनाने तो शब्द खोडायचीस आणि पेपर परत देताना सगळ्या वर्गाला सुनवायचीस, "जंतूला मन नाय रे. रेणू जागेवर बसतो किंवा बसत नाय. बसला तर काम सुरू. बस्स, एवढंच हाय." तुझ्या 'नाय' आणि 'हाय'बद्दल प्राचार्यांनी तुला वर ऑफिसात बोलावून समज दिली होती, की पदवीच्या वर्गात प्रमाण भाषा असावी. तू खाली येऊन पुढचा तास आणखी ठासून खाडीकाठच्या बोलीत घेतलास. मुलं तुझ्यावर खूश होती. त्यांना कळत होतं, हे महत्त्वाचं.

आपण दोघी एकाच वर्षी रोह्याला आलो, दोघी मायक्रोबायोलॉजीच्या, दोघी तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची कुणाला खात्री नाही. तू पेणच्या खाडीपट्ट्यातली, मिठागरवाल्यांच्या घरची. मी इथल्या खांब गावची, भातशेतीवाल्यांची. पुलापलीकडे एक खोली घेतली आणि म्हटलं, कायम होईपर्यंत राहू. कायम कुणीच झालं नाही. राहायला मात्र कायमच्या राहिलो. दोघींनी लग्न का केलं नाही, असं विचारणाऱ्यांना तू अशी उत्तरं द्यायचीस की माझ्यापर्यंत तो प्रश्न पोचायचाच नाही. तुझ्यामागे उभं राहून मी किती वर्षं शांतपणे जगले, हे मला आत्ता कळतंय. तुझ्या पश्चात एका बाईने जिन्यात गाठून विचारलं, "आता तुम्ही एकट्या कशा राहणार?" तू असतीस तर तिला पुन्हा जिना चढायची हिंमत झाली नसती. मी तिच्या बाजूने वर निघून आले.

मुंबईला पीएचडी करताना तू तुझ्या बाबांच्या मिठागरातला चिखल प्लॅस्टिकच्या डब्यात भरून नेला होतास. उन्हाने पाणी आटत जातं तसा खारेपणा वाढत जातो आणि त्यातले बहुतेक जीव मरतात. काही जंतू मात्र मरत नाहीत. मीठ वाढलं की त्यांच्या पेशीत पहिल्यांदा नक्की काय होतं, एवढाच तुझा प्रश्न होता. तो घेऊन तू आयुष्यभर बसलीस.

मला तो तू आपल्या खोलीच्या फरशीवर खडूने समजावलास, पोळ्या व्हायच्या होत्या तरी. दोन लांब रेघा ओढल्यास, हे डीएनए. त्यावर एक गोल, हे आरएनए बनवणारं एन्झाइम. "हे आंधळं हाय. एकट्याला सुरुवातीची जागा सापडत नाय," म्हणालीस. मग त्याला चिकटलेला एक छोटा गोल काढलास. ते सिग्मा नावाचं प्रथिन. ते आलं की जोडीला सुरुवातीची जागा ओळखता येते. ती तिथे बसते, डीएनएची दुहेरी पट्टी थोडीशी उसवते आणि जनुकाची नक्कल करायला लागते. मीठ नसताना तुझ्या जंतूतलं हे खास सिग्मा दुसऱ्या एका प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. मीठ वाढलं की ती पकड सुटते. सिग्मा मोकळं होतं, एन्झाइमला जाऊन मिळतं आणि पेशीला वाचवणारी जनुकं एकामागून एक सुरू होतात.

"आणि बसलं की लगेच सुरळीत चालतं असं पण नाय," तू म्हणालीस. "कितीदा तरी नकलेची चार अक्षरं बनवतं, टाकून देतं. परत पहिल्यापासून. परत टाकून देतं. मग कधीतरी जागा सोडून पुढे निघतं. एकदा निघालं की मग झालं."

"झालं म्हणजे काय झालं?" मी विचारलं होतं.

"म्हणजे खरं काम सुरुवातीलाच होतं. पेशी कंजूस असते गो. जे नको ते बनवायला सुरुवातच करत नाय."

"आणि चुकून सुरुवात झाली तर? पुढेही अडवता येतं की. बनलेला आरएनए तोडता येतो, त्याच्यावरून प्रथिन बनणं रोखता येतं."

"ती सगळी नंतरची सारवासारव."

त्या दिवशी पोळ्या झाल्याच नाहीत, आपण पाव आणून खाल्ला. आणि वाद तिथून जो सुरू झाला तो कधी संपला नाही. कुंडलिका नदीच्या पुलावर, स्टाफरूममध्ये, रोह्याहून पेणला जाणाऱ्या गाडीत, कुठेही. तू म्हणायचीस, सुरुवात हाताशी आली की सगळं हाताशी आलं. मी म्हणायचे, सुरुवात झाल्यावरही थांबवायच्या खूप जागा असतात. आजूबाजूच्या लोकांना वाटायचं आपण कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलतोय.

तुझा संशोधनाचा पेपर मासिकाकडून परत आला तो दिवस मला आठवतो. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, निष्कर्ष पटण्यासारखा आहे, पण नक्कल नेमक्या ज्या अक्षरापासून सुरू होते असं तुम्ही म्हणता, त्याचा पुरावा अपुरा आहे. मी चिडले. तुझ्याजागी मी असते तर दुसऱ्या मासिकाकडे पाठवून मोकळी झाले असते. तू कागद बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "बरोबर हाय त्यांचं. पुरावा कमी हाय." आणि आपल्या त्या गळक्या प्रयोगशाळेत, वीज गेली की बर्फ शोधत धावत, सगळं परत करायला घेतलंस. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आणि आज त्याच वाक्याचा मला संताप येतो.

आता लावणीचं सांगते. तुला माहीत आहे सगळं, पण मला ते एकदा सरळ, क्रमाने बोलायचं आहे.

दर वर्षीसारखी तू यंदाही लावणीला खांबला आलीस. माझ्या आईला तू आलीस की बरं वाटायचं. तुझा हात भराभर चालायचा आणि तोंडही. खाडीपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याच्या चिखलाचं काय कौतुक असतं कोण जाणे. घोट्याच्या वर पाणी, तू पदर खोचून वाकलेली, आई शेजारच्या ओळीत. तिने विचारलं, "रतन, कालेजात काय शिकवतंस गो सध्या?"

तू रोप हातात धरून उभी राहिलीस. "काकी, या पाण्यात उंदराच्या मुतातून एक जंतू येतो. लेप्टो म्हणतात. पाण्यात असतो तेव्हा मीठ नसतं, थंडावा असतो, तर त्याची बरीच जनुकं गप्प असतात. माणसाच्या अंगात शिरला की रक्ताचं मीठ लागतं, ऊब लागते, आणि काही जनुकांच्या नकला भराभर वाढायला लागतात. मीठच गो. माझ्या मिठागरातल्या जंतूसारखंच."

"आणि हे म्हायत असून तू त्याच पाण्यात उभी?"

तू मोठ्याने हसलीस. "तुम्ही पण उभ्या हाव ना!"

"मना म्हायत नव्हतं," आई म्हणाली. "आता झालं." आणि परत वाकली. रोपं तर लावायचीच होती.

दुपारी बांधावर आरोग्य केंद्राच्या आशाताई गोळ्या घेऊन आल्या. लावणी करणाऱ्या सगळ्यांना वाटत होत्या, लेप्टो होऊ नये म्हणून. आईने दुखऱ्या पोटाचं कारण सांगून गोळी कमरेला लावून ठेवली. मी घेतली. तू घेतली नाहीस. तुझ्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, चिखलाने भरलेली, ती मी दाखवली तरी घेतली नाहीस. आशाताईंना तू व्याख्यान दिलंस की आजार नसताना गावंच्या गावं औषध खाऊ लागली तर उद्या हेच औषध लागू पडणार नाही. बिचाऱ्या ऊन-पावसात चालून आलेल्या. म्हणाल्या, "ताई, मी वरून आलंय ते देतेय. तुमची मर्जी." आणि पुढच्या शेताकडे गेल्या.

तुझं म्हणणं चूक नव्हतं. हेच तर तुझं नेहमीचं. तुझं म्हणणं चूक नसायचं. औषधांची सवय जंतूंना लागते, हे मीही शिकवते. पण ते म्हणणं पायाच्या अंगठ्यात उघडी जखम घेऊन, भाताच्या पाण्यात उभं राहून मांडायचं नसतं, रतन.

ताप आला तेव्हा कॉलेजात तपासणी समितीची गडबड होती. तू रजा मागायला गेलीस. "समिती होऊन जाऊ दे, मग हवी तेवढी घ्या," असं उत्तर मिळालं. तासिका तत्त्वावरच्या बाईला आजारी पडायची सोय नसते. तू तापात दिवसभर स्टुलावर चढून भिंतीवर तक्ते लावलेस. मी खालून टाचण्या देत होते. तुझे डोळे लाल झाले होते. जिना उतरताना तू कठड्याला धरून थांबलीस आणि म्हणालीस, "पोटऱ्या फुटतील असं वाटतंय."

मी तुला तिथूनच रोह्यातल्या एका डॉक्टरकडे नेणार होते. तू म्हणालीस, मी जाते, तुझा तास आहे. डॉक्टरला दाखवलंस आणि संध्याकाळी परस्पर पेणला निघून गेलीस, तुझ्या आईकडे. फोन केलास तेव्हा आवाज बरा होता.

"लेप्टोची टेस्ट केली. निगेटिव्ह आली बघ."

"तापाच्या तिसऱ्याच दिवशी निगेटिव्ह येणार नाय तर काय? अँटिबॉडी तयार तरी झाल्यात का?"

"मला शिकवू नको. म्हायत हाय मला. दोन दिवसांनी परत करणार हाय."

"मग तोपर्यंत औषध चालू कर."

"कशाच्या जोरावर? ताप कशानेही येतो."

"पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, उघडी जखम, भाताच्या पाण्यात दिवसभर उभी. आणखी काय पायजे तुला?"

"तो संशय झाला, सुलू. पुरावा नाय."

मी ओरडले. तू म्हणालीस, "डोकं दुखतंय, उद्या भांडू," आणि फोन ठेवलास.

दोन दिवसांनी मी केलेला फोन तुझ्या दादाने उचलला. तो बिचारा गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या कामात बुडालेला. म्हणाला, "झोपलीय. तीच म्हणते साधा ताप हाय, तिला कळतं त्यातलं. पण डोळे पिवळे दिसतात गो मला." मी पहिली गाडी पकडली. पेणला तुला दवाखान्यात आणलं होतं तोवर. तू उशीला टेकून बसली होतीस. हळद फासल्यासारखी दिसत होतीस. लघवी कमी झाली होती, खोकल्यातून थोडं रक्त येत होतं. मला पाहून तुझा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"सुलू, दुसरी टेस्ट आली. पॉझिटिव्ह हाय," तू म्हणालीस. "आता पुरावा हाय."

तुला त्या क्षणी मारावंसं वाटलं मला. मरायला टेकलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? तुझ्या आईसमोर, दादासमोर, त्या नर्ससमोर तुझ्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. तू प्रयोग जमल्यासारखी बोलत होतीस. आणि तो प्रयोग तू होतीस गो, तू.

मी जवळ बसले. तुझा हात धरला, तो गरम होता. तू विचारलंस, समितीचं काय झालं. मी म्हटलं, सगळं छान झालं, तुझ्या तक्त्यांचं कौतुक केलं. समितीने तक्त्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपल्या इतक्या वर्षांत तुझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य, आणि ते धादांत खोटं.

औषध शिरेतून सुरू केलं होतं. पण मूत्रपिंडं थकली, मग फुप्फुसं. पनवेलला हलवायचं ठरलं. हायवेवर गाड्यांची रांग लागलेली. तुझा दादा अँब्युलन्समधून उतरून पुढे पळत जाऊन ट्रकवाल्यांना हात जोडत होता, बाजूला घ्या, बाजूला घ्या. त्याच्या हातांना गणपतीचा सोनेरी रंग होता. पनवेलला पोचलीस तेव्हा तुला शुद्ध नव्हती. परत आलीच नाही.

चिता पेटल्यावर दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ती म्हणायची थांबा, म्हणून आम्ही थांबलो. तिच्यापुढे आम्ही काय बोलणार?" त्याच्यावर मी चिडले होते, पण त्या वाक्यानंतर मला त्याच्याकडे बघवेना.

वर्गात तुझा भाग आता मला दिलाय, जनुकं सुरू होतात कशी तो. पहिल्या तासाला फळ्यावर दोन रेघा काढल्या, गोल काढला आणि खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सिग्मा राहिलं." मी ते काढलं. तास पूर्ण केला. तुझ्या नळ्या अजून फ्रीजरमध्ये आहेत. प्राचार्यांनी विचारलं, ती जागा रिकामी करता येईल का. मी म्हटलं, नाही. त्यांनी परत विचारलेलं नाही. मला आता थोडं घाबरतात ते, हे तुझ्यामुळे झालं.

आणि मग शोकसभेनंतर काही दिवसांनी खांबहून शेजाऱ्याचा फोन आला, माझ्या आईला हुडहुडी भरलीय.

मी घरी पोचले तर आई गोधडीत कण्हत होती. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हती. कमरेला लावून ठेवलेली ती गोळी अजून लुगड्याच्या गाठीत होती, ओली होऊन विरघळलेली. मी काही विचार केला नाही. रिक्षा बोलावली आणि तिला रोह्याला आणलं, त्याच डॉक्टरकडे, ज्याच्याकडे तू गेली होतीस. मुद्दाम त्याच्याकडेच. मला त्याला बघायचं होतं.

त्याने तपासलं. म्हणाला, "लेप्टोची टेस्ट पाठवू. रिपोर्ट आला की..."

"रिपोर्ट येऊ दे नाहीतर न येऊ दे. औषध आज सुरू करायचं. आत्ता," मी म्हटलं. माझा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटपर्यंत गेला. "मागच्या महिन्यात तुमच्याकडे एक रतन पाटील आल्या होत्या. आठवतात?"

तो लिहायचा थांबला. तरुणच आहे तसा. "आठवतात," म्हणाला. मग आईकडे पाहत, माझ्याकडे नाही, हळूच म्हणाला, "मी त्यांना म्हटलं होतं मॅडम, की रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी लक्षणं लेप्टोची वाटतात, औषध सुरू करू. त्यांनी मला दहा मिनिटं समजावलं की का नको. मी... त्या त्याच विषयातल्या होत्या. मला वाटलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी जोर करायला हवा होता."

तुझी बाजू घेऊन भांडायला गेले होते मी, रतन. इतके दिवस त्या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या. आणि तो म्हणतो, मी देत होतो, त्यांनी घेतलं नाही. मी तिथल्या खुर्चीत बसले. त्याने आईची गोळी लिहिली, साधी डॉक्सी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती. पहिली गोळी मी त्याच्यासमोरच आईला घ्यायला लावली.

तुला माहीत आहे ही गोळी काय करते. डीएनएला हात लावत नाही. सिग्माला नाही, तुझ्या त्या सुरुवातीच्या जागेला नाही. जनुक सुरू होऊन गेलेलं असतं, नक्कल तयार झालेली असते. ही गोळी त्याच्याही पुढे जाऊन प्रथिन बनवायचं यंत्र अडवते. तू जिला सारवासारव म्हणायचीस तीच. आईच्या रक्तात त्या जंतूला मीठ लागलं होतं, ऊब लागली होती, जे सुरू व्हायचं ते सुरू झालं होतं. आणि तरी ताप उतरला. डोळे निवळले. तिने पेज मागितली. टेस्ट नंतर पॉझिटिव्ह आली, तोवर ती अंगणात बसून शेजारणीशी गप्पा मारत होती.

इतकं सोपं होतं गो. मी आईच्या खाटेशी बसून आनंदाने रडायला हवं होतं, आणि मी दात ओठ खात होते. एवढ्याशा गोळीने. एवढ्याशा. मी आपला वाद जिंकले, आणि ते मान्य करायला तू नाहीस. उलट उत्तर द्यायलाही नाहीस. मला पक्कं माहीत आहे तू काय म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, एका माणसावरून निष्कर्ष काढू नको, सुलू. काढते मी. दोन माणसं आहेत माझ्याकडे. एक उठून बसलंय आणि एक नाही.

जंतूला मन नसतं, हे तू मला शिकवलंस. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, मी रागावतही नाही. पण तुला मन होतं. चांगलं, तल्लख, हट्टी मन. डॉक्टरने विचारलं तेव्हा ते होतं, मी फोनवर ओरडले तेव्हा होतं. प्रत्येक वेळी तू ठरवत होतीस. हा शब्द खोडायला तू आता येणार नाहीस, म्हणून लिहितेच, ठरवत होतीस तू.

आणि तरीही, तुझ्याशिवाय मी आईला पहिल्याच दिवशी गोळी द्यायला लावली असती का? नसती. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट खोटा धीर देतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तुझ्यामुळे ते अंगाला कळलं. आई तुझ्यामुळे वाचली. हे मला कुणाला तरी 'धन्यवाद' म्हणून सांगायचं आहे, आणि तोंड उघडलं की शिवी येते.

काल संध्याकाळी आई खाटेवरून उठली आणि कोपऱ्यातला विळा शोधायला लागली. म्हणाली, शेतात तण माजलंय, उद्या बेणायला जाते.

मी ओरडले. कधी ओरडले नाही एवढी. चिखलाबद्दल, जखमांबद्दल, कमरेला गोळी लावून ठेवण्याबद्दल. सगळं कळत असून ऐकत नाही अशा बायकांबद्दल. कुणाचंही न ऐकता मरून जातात त्यांच्याबद्दल. स्वतःला फार शहाण्या समजतात त्यांच्याबद्दल. शेजारची माणसं दारात आली. मला थांबता येत नव्हतं. आई विळा हातात धरून उभी होती. मला दम लागला तेव्हा तिने विळा खाली ठेवला, मला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि शेजाऱ्यांना हातानेच घरी जायला सांगितलं.

"माझ्यावर नाय ओरडत तू," ती म्हणाली. "पण ओरड. मी हाय ऐकायला."